न्यूमार्केटला यायचं म्हणतोस, तर आधी पाय तपासायला शीक

तू विचारलंयस की पुण्याच्या रेसकोर्सवर पाच वर्षं रायडिंग बॉय म्हणून, म्हणजे सकाळी घोडे सरावाला पळवण्यात काढली, शर्यतीत उतरायची संधी मिळाली नाही, वय 23 आहे. तर इंग्लंडला न्यूमार्केट या शर्यतीच्या घोड्यांच्या गावी येऊन आधी जॉकी आणि पुढे ट्रेनर होता येईल का? मी वानवडीचा, वडील सईस होते, आणि इथे मला नऊ वर्षं झाली. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

जॉकी व्हायचं डोक्यातून काढ, निदान सुरुवातीची काही वर्षं. इथला जॉकी स्वतंत्र धंदेवाईक असतो आणि आपला व्हिसा एका तबेल्याच्या नोकरीला बांधलेला असतो. शिवाय शिकाऊ जॉकीला पहिल्या 20 विजयांपर्यंत 7 पौंड, 50 पर्यंत 5 आणि 95 पर्यंत 3 पौंड वजनाची सूट मिळते, म्हणजे त्याच्या घोड्यावर तेवढं कमी ओझं, तरी लहानपणापासून पोनीवर बसलेली इथली पोरं घोडा मिळावा म्हणून दारोदार फिरतात. तुझ्या वाट्याला येईल ते काम वर्क रायडरचं, म्हणजे सकाळचं ट्रॅकवर्क. त्यात कमीपणा काही नाही. इथे आपल्याकडची बरीच मुलं तेच करतात आणि मान राखून करतात.

आता व्हिसा. 22 जुलै 2025 पासून कुशल कामगार व्हिसाचे नियम फार कडक झाले. आम्ही ज्या वाटेने आलो ती आजही उघडी आहे असं धरून पैसे खर्च करू नकोस. ज्या दिवशी अर्ज करशील त्या दिवशी हे काम व्हिसा मिळणाऱ्या कामांच्या यादीत आहे का, ते ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. परदेशी माणूस ठेवायचा परवाना असलेल्या मालकांची यादीही तिथेच आहे. माझ्याकडून पहिल्या खेपेला एका एजंटाने दोन लाख घेतले आणि हातात दिलेलं नोकरीचं पत्र बनावट निघालं. आईच्या पाटल्या गेल्या त्यात. तुझ्या घरी तसं होऊ नये एवढंच वाटतं.

काम कसं असतं ते सांगतो. पुण्यात घोडा सईस तयार करून देतो, आपण वर बसतो, उतरलो की लगाम त्याच्या हातात. इथे तसं नाही. पहाटे पाचला लीद तूच काढायची, खरारा तूच करायचा, खोगीर तूच चढवायचं. मग रांगेने गावातून चालत निघायचं. घोड्यांसाठी वेगळे रस्ते आहेत आणि चौकात गाड्या थांबतात. या एका गावात जवळपास 3,000 घोडे सरावाला असतात. वॉरन हिलचा चढ पहिल्यांदा चढवलास की कळेल, आपल्या सपाट ट्रॅकवर घड्याळ लावून पळवणं वेगळं आणि चढावर घोड्याचा श्वास ऐकत पळवणं वेगळं. असे तीन-चार घोडे रोज. जानेवारीत बोटं लाकडासारखी होतात.

पण ट्रेनर व्हायचं असेल तर खरं शिक्षण घोड्यावरून उतरल्यावर सुरू होतं. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. एक तीन वर्षांची घोडी, चालीत काही दोष नाही, चंदी सगळी खाल्लेली. मी सवयीने गुडघ्याखालच्या मागच्या नसेवरून, म्हणजे कंडरेवरून, हात फिरवला. डाव्या पायाला, घोट्याच्या चार बोटं वर, रुपयाएवढी जागा किंचित कोमट लागली. उजव्याला नाही. परत डावा, परत उजवा. हेड लॅडला, म्हणजे तबेल्यातल्या कामगारांच्या मुख्याला, सांगितलं, त्याने हात लावला आणि तिला त्या दिवशी बाहेर काढलं नाही. सोनोग्राफीत नसेला सूज निघाली. त्या दिवशी तिला चढावर पळवली असती तर नस गेलीच असती. हे मला वडिलांनी शिकवलं होतं. तुझ्या तबेल्यातल्या म्हाताऱ्या जमादाराकडून, म्हणजे सईसांच्या मुख्याकडून, आत्ताच शिकून घे, रोज वीस पाय.

पुढची पायरी हेड लॅड, मग असिस्टंट ट्रेनर. परवाना ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटी देते. त्याआधी घोड्यांच्या देखभालीची पात्रता आणि ट्रेनरसाठीचे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. न्यूमार्केटच्या ब्रिटिश रेसिंग स्कूलमध्ये ते होतात. पण अडतं ते परीक्षेपाशी नाही. तबेल्याचं भाडं, पगार, सरावाच्या मैदानांसाठी घोड्यामागे भरायचे पैसे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपल्यावर घोडा सोपवणारे मालक. रिचर्ड ह्यूजेस तीनदा चॅम्पियन जॉकी होऊन 2015 मध्ये निवृत्त झाला आणि ट्रेनर झाला. मालक त्याला आधीपासून ओळखत होते. तुला-मला तशी ओळख हिशेब, इंग्रजी आणि खरेपणा यांवरच मिळवावी लागेल. इंग्रजी रोज बोल. मालकाला फोनवर घोडा का हरला ते सांगता आलं पाहिजे.

माझ्या मते इथे सहा-सात वर्षं शिकून परत जाऊन पुणे-मुंबईत परवाना घेणं जास्त शक्यतेतलं आहे. पेसी श्रॉफ आपल्याच महालक्ष्मीला आधी जॉकी होते, पुढे ट्रेनर झाले आणि दोन्ही कामांत चॅम्पियन ठरले. मी स्वतः त्याच तयारीत आहे. एक वही ठेवलीय, त्यात प्रत्येक घोड्याचं खाणं, काम, पाय, रोजचं रोज.

तुला नोकरीचं पत्र आलं की सही करण्याआधी फोटो पाठव. मालकाचं नाव यादीत आहे का ते बघतो, आणि तबेला गावातलाच असेल तर स्वतः जाऊन विचारून येतो.