रेवा, तू आजीबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय रेवा,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी नवी गोधडी दाखवत होती. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, आजी गरीब आहे का? जुन्या साड्या जोडून पांघरूण का करते? आपण पैसे पाठवतो ना?" तू अगदी काळजीने विचारलंस, म्हणून ते मला जास्त लागलं. मी "नाही गं" म्हणालो आणि भांडी घासायला उठलो. २०२१ च्या जानेवारीपासून कोरोनामुळे इथल्या शाळा पुन्हा बंद, तू दिवसभर लॅपटॉपपुढे, मी शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये. निवांत बोलणं होतच नाही. म्हणून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे.

हाच प्रश्न मला लातूरच्या वसतिगृहात एका मुलाने विचारला होता. बाकीच्यांच्या खाटांवर सोलापुरी चादरी, माझ्या खाटेवर मायने, म्हणजे तुझ्या आजीने, शिवलेली गोधडी. तेव्हाही मला उत्तर सुचलं नव्हतं.

तेव्हा आपल्याकडे पैसे नव्हतेच, ते मी लपवणार नाही. तात्यांची जमीन कोरडवाहू. पाऊस झाला तर ज्वारी, नाहीतर दुसऱ्याच्या रानात रोजगार. लुगडं विटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की तिचं बसकर, बसकर झिजलं की चुलीपुढचं पोतेरं. पण पुढे बबनकाकाचं दुकान चांगलं चाललं, घरात दोन-दोन ब्लँकेटं आली, तरी मायची सुई काही थांबली नाही.

उन्हाळ्याच्या दुपारी ढाळजात, म्हणजे दाराजवळच्या ओसरीत, लुगडं अंथरलं जायचं. त्यावर विरलेली धोतरं, सदऱ्यांच्या पाठी, फ्रॉकचे घेर, आणि वर दुसरं लुगडं. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे जड सापडेल ते. गल्लीतल्या बायका चारी बाजूंनी बसून आधी मोठे टाके घालून घ्यायच्या, मग काठाकडून आत आत, चौकोनात चौकोन, धावदोरा. जुनंच कापड का, तर धुऊन धुऊन ते मऊ झालेलं असतं, सुई सहज जाते आणि अंगाला टोचत नाही. आम्हा पोरांचं काम सुया ओवून द्यायचं. तिथे बसून मी जेवढं ऐकलं, कोणाची सून नांदत नाही, कोणाचा बैल विकला, तेवढं शाळेतसुद्धा ऐकलं नसेल. दसऱ्याआधी घर साफ करायच्या वेळी सगळ्या गोधड्या मांजरा नदीवर धुवायला न्यायच्या. ओली गोधडी उचलायला दोन माणसं लागतात. मी आणि मोठी आत्या ती पिळायचो.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आपलं गाव रेणापूरकडचं, तिथे जीव वाचले, भिंती तडकल्या. तिकडे मात्र दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपेतल्या माणसांवर आलं. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो, त्यात पाऊस. किल्लारीकडे निघालेल्या ट्रॅक्टरमध्ये मायने घरातल्या चांगल्यातल्या गोधड्या टाकल्या. त्यातली एक मी पांघरायचो, म्हणून मी रडलो होतो. ती म्हणाली, "आपल्याला उद्या आणखी शिवता येतीया."

२०२० च्या मार्चमध्ये २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ ला, ऐन पाडव्याला, लॉकडाऊन लागला. आजी घरात एकटी. मी रोज फोन करायचो आणि ती रोज काय शिवलं ते सांगायची. बायका जमेनात, त्यामुळे मोठी गोधडी घालता येईना; एकटीने ती ताणून धरता येत नाही. मग तिने लहान कामं काढली. बाळांसाठी दुपटी, बसकरं, जुन्या सुती लुगड्याचे मास्क. सुईचं नेढं तिला दिसत नाही, आणि घरात कोणाला घ्यायचं नाही. शेजारची पोरगी सकाळी सुया ओवून, एका चिंधीत खोचून ओट्यावर ठेवून जायची. तालुक्याची दुकानं बंद, दोरा संपला, तर आजीने पोत्यांच्या शिवणी उसवल्या. ती शिवण बरोबर टोकाने ओढली की सरसर सुटते आणि अखंड लांब दोरा हातात येतो. तो मळकट पांढरा दोरा तू रविवारी पाहिलास, "हे इथे वेगळं का दिसतंय" म्हणालीस ना, तोच.

ऊसतोडीला गेलेली गल्लीतली माणसं एप्रिलमध्ये परत आली तेव्हा त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं होतं. खाली नुसती फरशी. आजीने घरातल्या गोधड्या शाळेच्या दाराशी ठेवायला लावल्या. परत मागितल्या नाहीत.

तरी काही गोष्टी मलाही खटकतात. आता सुती लुगडी राहिली नाहीत. आत्याच्या साड्या सिंथेटिक, त्यावर सुई घसरते, घाम टिपला जात नाही, ऊबही तशी नाही. आजीचे गुडघे दुखतात, तिने एवढा वेळ मांडी घालून बसू नये असं मला वाटतं. तिला मशीन घेऊन देतो म्हणालो, तर "हाताला काम नसलं की डोकं फिरतंय बघ" म्हणाली. एवढ्या कष्टाची गोधडी तुझ्या खोलीत हीटर असताना लागते का, हे मला सांगता येत नाही. मला लागते. तुला लागलीच पाहिजे असं नाही.

आजीने विचारलंय, रेवाचे लहान झालेले कपडे आहेत का. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण कपडे तुझे आहेत. द्यायचे असतील तर सुती बघून काढ, आतलं लेबल वाच. ताणले जाणारे नकोत, त्यात टाका नीट बसत नाही. बदकांचा पिवळा पायजमा तुला ठेवायचा असेल तर ठेव. नाही द्यावंसं वाटलं तर तसं सांग, मी आजीला समजावून सांगेन. तिच्याकडे आत्याच्या साड्यांचा ढीग आहेच.

तुझा,
बाबा