खालचं घर कोणाला द्यावं?

प्रश्न : काका, आमचं घर दापोलीजवळ गिम्हवण्याला आहे. बाबा गेल्यापासून आई वरच्या मजल्यावर एकटी राहते, मी डोंबिवलीत. खालच्या खोल्या भाड्याने द्यायचं ठरवलंय. तिघं विचारून गेले : कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करणारी दोन मुलं, बदलून आलेला बँकेतला एक जण (सोबत बायको आणि लहान मुलगी) आणि पुण्याचे एक गृहस्थ. ते दीडपट भाडं, तेही वर्षाचं एकरकमी द्यायला तयार आहेत, फक्त ‘कागदपत्रांची कटकट नको’ म्हणतात. आईला तेच फार सभ्य वाटले. माणूस पारखायचा कसा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, वर्षाचे पैसे हातावर ठेवणारा माणूस सभ्य वाटणारच. पण दीडपट कशासाठी, हे आईंनी विचारलं का? मुरूड, कर्दे, हर्णै ही पर्यटकांची किनाऱ्यावरची गावं तिथून जवळच. घर वर्षाच्या बोलीवर घ्यायचं आणि दर शनिवारी नव्या टोळक्याला रोजाने द्यायचं, हा उद्योग आपल्याकडे आता सर्रास चालतो. यांचा तसा बेत नसेलही. तेव्हा सरळ विचारा, राहणार कोण कोण आणि कायम की सुट्टीपुरते? उत्तर गोल गोल आलं की कोकम सरबत पाजून निरोप द्या.

कागद नको म्हणणाऱ्याला तर मी उंबऱ्यावरूनच परत पाठवीन. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. ते खोटं ठरवणं तुमच्या गळ्यात. ‘११ महिन्यांचा करार नोटरीकडे केला की झालं’ असं म्हणत माणसं दस्त लिहायला माझ्यासमोर येऊन बसतात. नाही होत. खर्च म्हणाल तर नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये आणि मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामतीवरचं १० टक्के व्याज धरायचं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या कराराची, नोंदणी हल्ली ऑनलाइनही होते.

माझा कौल बँकवाल्यांना. तरी आधारची नुसती झेरॉक्स घेऊ नका, त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करून फोटो जुळतो का बघा. बदलीचा आदेश पाहायला मागा. मग आधीच्या घरमालकाला फोन करा. शक्यतो त्याच्याही आधीच्या. सध्याच्या मालकाला ब्याद टळावी असं वाटत असेल तर तो तोंडभरून कौतुक करील. विचारायचं एवढंच : भाडं कितव्या तारखेला यायचं, वीजबिल थकलं होतं का, अनामतीतून काही कापावं लागलं का. आणि बायकोला घर दाखवायला नक्की बोलवा. विहिरीचं पाणी मे महिन्यात तळाला जातं हे तिला आजच कळू द्या.

त्यांचं जमलं नाही तर मुलांना द्या. ‘बॅचलर नकोत’ हा आपला जुना हट्ट मला पटत नाही. विद्यापीठाचं ओळखपत्र आणि दोघांच्या आईवडिलांशी बोलणं पुरे. मात्र सुट्टीत गावी गेली तरी भाडं चालू, हे करारात हवं. जो येईल त्याची माहिती फोटोसकट पोलीस ठाण्यात द्या.

आता एक गोष्ट, जी छापील मसुद्यात कधीच नसते. तुमचा गणपती कुठे बसतो? खालच्या माजघरात बसत असेल तर तेवढे दिवस ती खोली तुमची, असं लिहून घ्या. नाहीतर भाद्रपदात चाकरमानी दारात आणि माजघरात परक्याचा पलंग. अंगणातला फणस आणि आंबा कोणाचा, तेही एका ओळीत. पोटभाडेकरू आणि पर्यटक ठेवायचे नाहीत, ही ओळ तर हवीच.

सही कोण करणार, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीवर, अजून बाबांचंच नाव असेल तर आधी वारसांची नावं लावून घ्या. ते होईपर्यंत बँकवाल्यांना थांबवा, पण अनामत घेऊ नका.