आयरनी दिसली की लगेच 'उपरोध' नको
अरे भाषांतरात नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो, इंग्रजीतल्या 'आयरनी'ला (irony, म्हणजे बोलणं किंवा घडणं अपेक्षेच्या नेमकं उलट असणं) दर वेळी उपरोध लिहायचं नाही. तासभर उशिरा आलेल्याला 'या, लवकर आलात!' म्हटलं तर तो उपरोध, पण फायर ब्रिगेडच्याच इमारतीला आग लागली तर तिथे कोणी कोणाला टोमणा मारत नाहीये ना, मग तिथे दैवदुर्विलास किंवा साधं 'नशिबाची थट्टा' घे. जपानीत 'हिनिकु' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, अक्षरशः अर्थ कातडी आणि मांस, मला फार आवडतो तो. स्तुतीच्या आडून निंदा असेल तर आपली व्याजस्तुती आहेच, बिनधास्त वापर. आणि टोमणा उद्गारचिन्हावर सोडू नकोस, मराठीत 'म्हणे', 'बरं का' यांनी सूर कळतो, वाक्य मोठ्याने वाचून बघ.