ब्रेकचे साडेनऊ हजार आणि ‘दुप्पट’ होणारी पॉलिसी

प्रश्न : माझी गाडी 2012 ची. ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून खर्रर्र आवाज येतो. उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी पुढचे पॅड आणि दोन्ही डिस्क मिळून साडेनऊ हजार सांगितले. मे महिन्यात पॉलिसीचा 60 हजारांचा हप्ता गेला, म्हणून काम तीन महिने लांबलं. त्यापेक्षा साडेसहा लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घेऊ का? एफडी करायला गेलो तेव्हा बँकेतल्या माणसाने ही पॉलिसी दिली. दोनेक वर्षांत तिला पाच वर्षं होतील, दुप्पट पैसे मिळतील, त्यातून कर्ज फेडेन. वय 38, शिरोलीत फौंड्रीत नोकरी, पगार हातात 42 हजार, दोन मुलं. गणपतीला वैभववाडीला सासुरवाडीला जायचं आहे.

उत्तर : गाडी आधी दुरुस्त करा, याच आठवड्यात. पॅड झिजत आला की आधी बारीक किर्र आवाज येतो, तेव्हा दोन-अडीच हजारांत भागतं. आता पॅडची पोलादी पट्टी डिस्कवर घासत असणार, आणि डिस्क बिडाची असते. तिचं काय होतं ते फौंड्रीतल्या माणसाला मी काय सांगू! चाक तुमच्यासमोर खोलायला लावा. पॅड किती उरलाय, डिस्कला चरे पडलेत का, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या आहेत का, ते स्वतः बघा. ब्रेक न दाबताही आवाज येत असेल तर अडकलेला खडा किंवा बेअरिंगही असू शकतं, मग डिस्क उगाच बदलू नका. पण हे झाल्याशिवाय मुलांना घेऊन करूळ घाट उतरायचा नाही.

नव्या गाडीचा हप्ता सात वर्षं, 9 टक्क्यांनी, साधारण साडेदहा हजार. म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. अख्खी दुरुस्ती एका हप्त्यात बसते. 2027 ला पंधरा वर्षं झाल्यावर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर येईल, तरी तो खर्च हजारांतला आहे, लाखांतला नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात, तो मोठा करून बघा. मुदत 20 वर्षं, हप्ते 10 वर्षं, विमा रक्कम 6 लाख. पाच वर्षांचा उल्लेख कुठेच नाही. पाच हप्ते भरून पाच वर्षांच्या शेवटी दुप्पट मिळायला वर्षाला 24 टक्के परतावा लागतो. अशा परताव्याची हमी कुठलीच विमा कंपनी देत नाही. तुम्ही एफडी करायला बँकेत गेलात आणि टेबलापलीकडच्या माणसाने हे गळ्यात मारलं. मला याचा मनापासून संताप येतो, कारण त्याच हप्त्यापायी तुमचं कुटुंब तीन महिने घासणाऱ्या ब्रेकवर फिरतंय.

समजा विसाव्या वर्षी सहाचे बारा लाख झाले. तरी परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आतच. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) 7.1 टक्क्यांनी तितकीच वर्षं राहिले तर साडेसतरा लाखांच्या आसपास जातात. आणि 6 लाखांचा विमा म्हणजे तुमचा चौदा महिन्यांचा पगार. तुमच्यामागे त्यात दोन मुलांचं शिक्षण होईल का?

आधी साठीपर्यंतचा 1 कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. निर्व्यसनी असाल तर वर्षाला 15 ते 20 हजार. तो हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. मग कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आताच मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर उरणारी रक्कम), दोन्ही लेखी मागा. पेड-अप केलीत तर दहापैकी चार हप्त्यांच्या हिशेबाने विमा 2 लाख 40 हजारांवर येईल आणि पैसे मुदत संपल्यावरच मिळतील. सरेंडरमध्ये भरलेल्या 2 लाख 40 हजारांतले बरेच कापले जातील. वाईट वाटेल, पण अजून सहा हप्ते, म्हणजे 3 लाख 60 हजार, तुमच्याच हातात आहेत.

फसवणुकीची तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा, तिथे फी लागत नाही. चार हप्ते भरल्यानंतर आणि तुमची सही असताना सगळे पैसे परत मिळतील अशी आशा मी दाखवणार नाही.

दोन्ही आकडे आले की मला कळवा, पेड-अप की सरेंडर ते मी हिशेब मांडून सांगतो. पुढचा हप्ता मे महिन्यात आहे. हे सगळं त्याआधी उरकायला हवं.