वेबसाइट शोधात का सापडत नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

व्यवसायाची वेबसाइट शोधात वर कशी आणायची, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेकांनी थेट उपाय विचारला आहे. पण गाडी नेमकी कुठल्या टप्प्यावर अडली आहे हे कळल्याशिवाय उपायावर पैसे घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून उत्तरांत आधी तपासणी आणि मग दुरुस्ती असा क्रम ठेवला आहे.

प्रश्न : साइट सुरू होऊन चार महिने झाले. व्यवसायाचं नाव जसंच्या तसं टाइप केलं तरी ती गूगलवर येत नाही. साइट बनवणारे म्हणतात, एसईओचं (साइट शोधात वर आणण्याच्या कामाचं) पॅकेज घ्या. घ्यावं का?

आत्ताच नको. स्वतःच्या नावावरसुद्धा साइट येत नसेल, तर ती स्पर्धेत मागे पडलेली नसून बहुधा गूगलच्या साठ्यातच गेलेली नाही. शोधयंत्राचा बॉट (पानं आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम) आधी पान उघडून वाचतो, त्याला क्रॉलिंग म्हणतात. ते पान साठ्यात घ्यायचं की नाही हे त्यानंतर ठरतं, ते इंडेक्सिंग. कुणी काही शोधलं की साठ्यातल्या पानांचा क्रम लागतो, ते रँकिंग. पॅकेजवाले बोलतात ते सहसा तिसऱ्या टप्प्याबद्दल. तुमचं घोडं पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावर अडलेलं दिसतं.

आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगल सर्च कन्सोल हे साधन मोफत आहे. त्यात ‘डोमेन’ प्रकारची प्रॉपर्टी, म्हणजे आपल्या साइटची नोंद, जोडा. मालकी सिद्ध करायला डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींमध्ये, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकावी लागते. जिथून डोमेन घेतलं, तिथल्या खात्यात ही सोय असते. मग वरच्या चौकटीत होमपेजचा पूर्ण पत्ता टाका. पान साठ्यात नसेल तर तसं लिहून येतं आणि खाली कारणही दिसतं. ते कारण वाचून पुढे जा.

‘नोइंडेक्स’मुळे (साठ्यात घेऊ नका, या पानावरच्या सूचनेमुळे) वगळलं असं आलं आणि साइट वर्डप्रेसवर असेल, तर तिच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ उघडा. तिथे शोधयंत्रांनी साइट साठ्यात घेऊ नये, अशी विनंती करणारी चौकट असते. साइट तयार होत असताना तिच्यावर टिक करतात आणि साइट खुली करताना ती काढायची राहते. टिक काढा, कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) साफ करा आणि सर्च कन्सोलमधली ‘लाइव्ह टेस्ट’ चालवा. नोइंडेक्स कधीकधी पानात नसतो, सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या हेडरमध्ये असतो. पानाचा सोर्स पाहून तो सापडत नाही, पण लाइव्ह टेस्टमध्ये पकडला जातो.

रोबोट्स फाइलमुळे अडवलं असं आलं, तर डोमेनच्या मुळाशी असलेली ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ उघडून बघा. ‘डिसअलाउ’पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर अख्खी साइट बंद आहे. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ही फाइल बॉटला पान वाचण्यापासून रोखते, पण पान साठ्याबाहेर ठेवण्याची खात्री देत नाही. दुसरीकडून लिंक मिळाली, तर अडवलेल्या पानाचा नुसता पत्ता वर्णनाशिवाय शोधात येऊ शकतो. एखादं पान शोधात नकोच असेल, तर त्यावर नोइंडेक्स लावा आणि बॉटला ते वाचू द्या. दोन्ही एकदम लावलं तर बॉट आत शिरत नाही आणि नोइंडेक्स त्याच्या नजरेलाच पडत नाही.

‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळला आहे, पण पान अजून वाचलेलं नाही. लहान साइटवर असं दिसलं तर दोन गोष्टी तपासा. त्या पानाकडे साइटच्या आतून लिंक जाते का, आणि सर्व्हर फार मंद आहे का? ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ याचा अर्थ वेगळा. पान वाचलं गेलं, पण अजून साठ्यात घेतलेलं नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबून काही होत नाही. पान पोकळ आहे का, आपल्याच दुसऱ्या पानासारखं आहे का, कंपनीच्या कॅटलॉगमधून उचललेलं आहे का, ते बघा.

एक तपासणी बरेचजण विसरतात. लाइव्ह टेस्टनंतर गूगलला दिसलेला एचटीएमएल (पानाचा कोड) उघडा आणि त्यात आपल्या पानावरचं एखादं वाक्य शोधा. ते नसेल, तर मजकूर जावास्क्रिप्टमध्ये कुठेतरी अडकला आहे. गूगल जावास्क्रिप्ट चालवतं, पण ‘अजून दाखवा’ची बटणं दाबत बसत नाही. त्यामागच्या पानांना साध्या, खऱ्या लिंक हव्यात.

साइटमॅप (साइटवरच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल) जरूर द्या, मात्र तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एका फाइलची मर्यादा 50,000 पत्ते किंवा 50 एमबी आहे, तुमची साइट तिच्या जवळपासही जाणार नाही. नीट उघडणारी आणि शोधात हवी असलेली पानंच तिच्यात ठेवा. दुरुस्तीनंतर परिणाम दिसायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात.

प्रश्न : आमचं काम वॉटरप्रूफिंगचं. साइट दिसते, पण तिसऱ्या-चौथ्या पानावर. होमपेजवर सगळ्या सेवांची नावं दिली आहेत. आणखी कुठले कीवर्ड टाकावेत?

कीवर्ड टाकायचे नाहीत, पानं वेगळी करायची. दहा सेवांची यादी असलेलं एक पान त्या दहांपैकी एकाही प्रश्नाचं पुरतं उत्तर देत नाही. गच्चीची गळती, बाथरूमची गळती, पाण्याची टाकी आणि बाहेरच्या भिंतींची ओल या चार वेगळ्या अडचणी आहेत. त्या वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या शब्दांत शोधतात. ‘वॉटरप्रूफिंग’ हा तुमच्या धंद्यातला शब्द झाला. ज्याच्या छतातून पाणी ठिबकतंय तो कदाचित ‘छत गळतंय उपाय’ असं लिहील.

हे शब्द अंदाजाने ठरवू नका. सर्च कन्सोलच्या ‘परफॉर्मन्स’ अहवालात मागच्या तीन महिन्यांची माहिती काढा आणि सरासरी स्थानाचा रकाना चालू करा. ज्या शोधांना इम्प्रेशन्स (निकालात दिसल्याच्या वेळा) भरपूर आहेत आणि स्थान 8 ते 20 च्या दरम्यान आहे, तिथून काम सुरू करा. ती पानं गूगलने आधीच विचारात घेतलेली आहेत, थोड्या कामात ती वर सरकू शकतात. स्वतःच्या फोनवर शोधून स्थान ठरवू नका. ठिकाण आणि शोधाचा इतिहास यांमुळे तुम्हाला दिसणारा निकाल गिऱ्हाइकाला दिसेलच असं नाही.

प्रत्येक पानावर गिऱ्हाईक फोनवर विचारतं ते सगळं लिहा. गळती कुठून होते हे कसं शोधता, जुना थर काढावा लागतो का, पाणी साठवून चाचणी किती तास ठेवता, काम किती दिवस चालतं, खर्च कशावर ठरतो, हमीत काय येतं आणि काय येत नाही. ही पद्धत कुठे चालत नाही, हेही लिहा. हे अनेकजण टाळतात, पण अशाच मजकुरामुळे तुमचं पान इतरांच्या पानांपेक्षा वेगळं ठरतं. फोटो स्वतःच्या कामाचे असावेत. महत्त्वाचा मजकूर बॅनरच्या चित्रात कोंबू नका, तो पानावर अक्षरांत हवा.

प्रत्येक पानाचं टायटल (निकालात दिसणारं शीर्षक) वेगळं असू द्या आणि मुख्य शब्द सुरुवातीला घ्या. लांबीचा ठरलेला नियम नाही, पण निकालात जागा कमी असते आणि शेपूट कापलं जातं. गूगल कधीकधी टायटल बदलूनही दाखवतं. मेटा डिस्क्रिप्शनमुळे (शीर्षकाखाली दिसावं म्हणून दिलेल्या वर्णनामुळे) स्थान बदलत नाही, मात्र लोक क्लिक करतील की नाही यावर तिचा परिणाम होतो. मेटा कीवर्ड्सवर (पानाच्या कोडमधल्या शब्दांच्या यादीवर) वेळ घालवू नका. क्रम लावताना ते वापरत नसल्याचं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं आहे.

पानं वाढली की एक नवा दोष शिरतो. एकाच शोधासाठी तुमचीच दोन पानं आलटून पालटून दिसतात आणि दोन्ही खालीच राहतात. अहवालात तो शोध निवडून ‘पेजेस’ टॅब बघितला की हे कळतं. चांगलं पान ठेवा, दुसऱ्यातला उपयोगी भाग त्यात घ्या आणि दुसऱ्याचा पत्ता पहिल्याकडे 301 ने (कायमच्या रीडायरेक्टने) वळवा.

प्रश्न : जुनी साइट बदलून नवी, देखणी साइट केली. महिन्याभरात गूगलवरून येणारे लोक निम्मे झाले. असं का?

जुने पत्ते मोडले असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्या पत्त्यांना मिळालेल्या लिंक आणि त्यांची वर्षानुवर्षांची ओळख, हे सगळं 404 वर (‘पान सापडत नाही’ या उत्तरावर) जाऊन आदळतं. सर्च कन्सोलच्या ‘पेजेस’ अहवालात ‘नॉट फाउंड’खालची यादी काढा. परफॉर्मन्स अहवालात साइट बदलण्याआधीची तारीख निवडून त्या वेळची पानं उतरवून घ्या. जुनी साइटमॅप असेल तर तीही जोडा. आता एका तक्त्यात डावीकडे जुना पत्ता आणि उजवीकडे त्याच विषयाचं नवं पान लिहा, आणि प्रत्येक ओळीसाठी कायमचा म्हणजे 301 रीडायरेक्ट लावा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळे जुने पत्ते सरसकट होमपेजकडे वळवणं. गूगल अशा वळणांना ‘सॉफ्ट 404’, म्हणजे न सापडणाऱ्या पानासारखंच, समजू शकतं आणि केलेलं काम फुकट जातं. जवळचं पान नसेल तर 404 राहू द्या. एकातून दुसऱ्याकडे, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे अशी साखळीही नको. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, शक्य असेल तर कायमचे. डोमेनच बदललं असेल तर सर्च कन्सोलमधलं ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ वापरा आणि जुन्या डोमेनचं नूतनीकरण चुकवू नका.

पत्ते जागेवर असतील तर मजकूर ताडून बघा. देखणेपणासाठी जुन्या पानांवरचे परिच्छेद कापलेले असतात आणि स्थान त्या परिच्छेदांमुळेच मिळालेलं असतं. ते परत घाला.

प्रश्न : एक एजन्सी तीन महिन्यांत पहिल्या क्रमांकाची हमी आणि दरमहा 500 बॅकलिंक (इतर साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) देते आहे. विश्वास ठेवावा का?

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. क्रम चढवण्यासाठी लिंक विकत घेणं गूगलच्या स्पॅम धोरणात बसत नाही. गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत 2012 मध्ये आलेला पेंग्विन हा बदल अशाच लिंकांविरुद्ध होता, आणि 2016 पासून तो मूळ प्रणालीचाच भाग आहे. पुष्कळदा अशा लिंक मोजल्याच जात नाहीत आणि तुमचे पैसे बुडतात. वाईट परिस्थितीत सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन’ (गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई) येते. ती उठवताना त्याच लिंक काढायला पुन्हा खर्च होतो.

कुठलीही एजन्सी घ्या, पण डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्या नावावर ठेवा आणि त्यांना फक्त वापरकर्ता म्हणून परवानगी द्या. कुठल्या पानात काय बदललं आणि कुठून लिंक मिळवली, याची यादी दर महिन्याला लेखी मागा. जी एजन्सी ती देत नाही, तिच्याशी करार करू नका.

प्रश्न : मोबाइलवर स्पीडचा स्कोअर 45 येतो. 100 करायला हवा का?

नको. तो आकडा एका कृत्रिम चाचणीतला आहे. गूगल बघतं ते खऱ्या वापरकर्त्यांचं मागच्या 28 दिवसांचं मोजमाप. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, क्लिकला प्रतिसाद 200 मिलिसेकंदांत मिळावा आणि पान हलण्याचं माप 0.1 च्या आत असावं. हे 75 टक्के भेटींमध्ये साधलं की पुरे. बहुतेक व्यावसायिक साइटवर दोष वरच्या चित्रात असतो. फिरता स्लायडर काढा, एकच चित्र ठेवा, ते दाखवायच्या आकाराचं करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये साठवा, आणि त्या पहिल्या चित्राला लेझी लोडिंग (गरज पडेपर्यंत चित्र न उतरवण्याची सोय) लावू नका. चित्रांची रुंदी-उंची कोडमध्ये द्या, म्हणजे पान उड्या मारत नाही. नंतर चॅटच्या आणि ट्रॅकिंगच्या कोडचे जास्तीचे तुकडे काढा. वेग सुधारला तरी कमकुवत मजकूर त्याच्या जोरावर वर येत नाही, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : साइट मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही हवी. एकाच पानावर दोन्ही भाषा चालतील का?

प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या. दोन पानं ‘एचआरएफलँग’ने (त्याच पानाची दुसऱ्या भाषेतली आवृत्ती कुठली ते सांगणाऱ्या कोडने) जोडा. ही जोडणी दोन्हीकडून हवी, एकतर्फी असेल तर ती धरली जात नाही. पाहुण्याच्या देशावरून आपोआप भाषा बदलू नका. गूगलचा बॉट बहुतांशी अमेरिकेतून येतो, त्यामुळे मराठी पान त्याच्या नजरेला पडणारच नाही. रोमन लिपीत मराठी लिहिलेली वेगळी पानं काढायची गरज नाही.

प्रश्न : ब्लॉगसाठी एआयकडून 300 लेख लिहून घेतले. एकालाही वाचक नाहीत. आता काय करावं?

लेख यंत्राने लिहिला की माणसाने, हा मुद्दा गौण. क्रम चढवण्यासाठी ढिगाने काढलेला निरुपयोगी मजकूर मार्च 2024 पासून गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नोंदलेला आहे. तरी सगळं एकदम उडवू नका. परफॉर्मन्स अहवालात 16 महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. ती उतरवून लेखांचे तीन गट पाडा. क्लिक किंवा बाहेरची लिंक मिळालेले लेख ठेवा आणि कामाची खरी माहिती घालून ते पुन्हा लिहा. एकाच विषयावरचे पाच-सहा लेख असतील तर त्यांचा एक करा आणि बाकीचे पत्ते त्याकडे वळवा. ज्यांना इम्प्रेशन्सही नाहीत ते काढून टाका, तिथे 404 किंवा 410 (पान कायमचं काढलं) आलं तरी साइटला अपाय नाही. हे झालं की साइटमॅपमधून ते पत्ते काढा, आणि राहिलेल्या प्रत्येक लेखाकडे संबंधित सेवेच्या पानावरून लिंक जाते ना, ते तपासा.