सात फोटॉनवरून कसं सांगतात?

प्रश्न : शेजारच्या दीर्घिकांच्या एक्स-रे फोटोत काही अंधुक ठिपके एका दिवसात आलेल्या सात-आठ फोटॉनचेच (प्रकाशाच्या कणांचेच) असतात असं वाचलं. एवढ्यावर तिथं खरंच काही आहे हे कसं सांगतात? – एक वाचक

उत्तर : फार चांगला प्रश्न, कारण या कामातली खरी गंमत इथंच आहे. आधी एक सांगतो, अंधुक म्हणजे दुबळा नव्हे. देवयानी दीर्घिका आपल्यापासून साधारण २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे, तिथला असा ठिपका बहुतेकदा एक जोडी असते, न्यूट्रॉन तारा (मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिदाट गाभा) किंवा कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं आणि तो वायू आत पडताना लाखो अंशांपर्यंत तापतो. सूर्य सगळा मिळून जेवढी ऊर्जा टाकतो त्याच्या कितीतरी पट ही जोडी नुसत्या एक्स-रेमधे टाकते, पण इतक्या लांबून आपल्या आरशावर थेंब थेंबच पडतं.

आपलं वातावरण एक्स-रे अडवतं म्हणून दुर्बीण वरच न्यावी लागते. १९९९ मधे अमेरिकेची चंद्रा (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून नाव) आणि युरोपची एक्सएमएम-न्यूटन अशा दोन्ही गेल्या. न्यूटनचा आरसा जास्त फोटॉन गोळा करतो पण गर्दीत ठिपके एकमेकांत मिसळतात, चंद्राला अर्ध्या आर्कसेकंदाइतकं (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग) बारीक दिसतं, म्हणून या कामाला मला तीच जवळची वाटते.

आता तुमचे सात फोटॉन. चंद्राचा कॅमेरा प्रत्येक फोटॉनची वेगळी नोंद करतो, कुठं पडला, कधी पडला, ऊर्जा किती, आणि ठिपक्याचा गोल इतका छोटा, जेमतेम तेरा पिक्सेलचा, की एक लाख सेकंदांत म्हणजे सुमारे २८ तासांत तिथं भटका फोटॉन सरासरी अर्धासुद्धा येत नाही. मग योगायोगानं सात यायची शक्यता ढोबळ हिशोबानं कोटीत दोन-तीन. पण थांबा, कॅमेऱ्याच्या एका चिपवर दहा लाखांवर पिक्सेल असतात म्हणजे असे गोल ऐंशी हजारांच्या आसपास बसतात! तरी सातचा खोटा ठिपका असे पन्नासेक फोटो घेतले तर एखादा निघेल, आणि तीन फोटॉनवर समाधान मानलं तर मात्र एकाच चिपवर शेकडो खोटे ठिपके मिळतील. म्हणून रेषा कुठं ओढायची यावर लोक इतकं डोकं घालतात, आणि ते बरोबरच आहे. फोटोच्या कडेला प्रतिमा पसरते, गोल मोठा होतो, तिथं तेच सात फोटॉन एवढ्या विश्वासाचे राहत नाहीत.

ठिपका कॅमेऱ्यातल्याच एखाद्या दोषामुळे दिसला असेल, अशी शंका कुणाला आली तर तीही रास्तच आहे. त्यासाठी दुर्बीण निरीक्षण चालू असताना मुद्दाम हळूहळू डोलवत ठेवतात, त्यामुळे खऱ्या ठिपक्याचे फोटॉन वेगवेगळ्या पिक्सेलवर पडतात, आणि बिघडलेला पिक्सेल मात्र जागचा हलत नाही, लगेच पकडला जातो.

खरी अडचण वेगळीच. ठिपका खरा असतो पण त्या दीर्घिकेतला नसतो, तिच्या कितीतरी मागं असलेल्या एखाद्या दीर्घिकेतलं महाकाय कृष्णविवर असतं. रिकाम्या आकाशात असे किती दिसतात ते मोजून तेवढे एकूण संख्येतून वजा करता येतात, पण नेमका हा ठिपका कुठला हे त्यावरून कळत नाही. तेव्हा हबल या अवकाश दुर्बिणीच्या फोटोत ती जागा बघतात, आणि तिथं त्या दीर्घिकेतला तारकागुच्छ निघाला तर ठिपका तिथलाच आणि बहुधा न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीचा असं म्हणता येतं.