डिस्क बिघडली? आधी तिच्यावर लिहिणं थांबवा

घाबरून दहा उपाय एकदम करू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि बंदच ठेवा. डिलीट झालेली फाइल हार्ड डिस्कवरून लगेच पुसली जात नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. तिथे नवीन काही लिहिलं गेलं, की ती गेलीच. म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर कधीही टाकू नका. विंडोजने 'चेकडिस्क' हे डिस्क तपासणारं टूल सुचवलं तरी आत्ता नको. ते फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, जुळवतं, त्यात तुमच्या फाइल्सचा बळीही जाऊ शकतो.

डिस्क टकटक वाजतेय? मग घरचे प्रयोग बंद, थेट क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडे द्या. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी देईलच. कृपा करून ऐकू नका, आत दव धरतं.

आवाज नसेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा. ते मशीन लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून 'डीडीरेस्क्यू' या प्रोग्रामने बिघडलेल्या डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्या. कुठवर वाचून झालं ते नोंदवणाऱ्या मॅप फाइलचं नाव जरूर द्या, म्हणजे काम मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. नंतरचे सगळे प्रयत्न इमेजच्या कॉपीवर. पार्टिशन (डिस्कचा C:, D: सारखा भाग) हरवलं असेल तर 'टेस्टडिस्क', नुसत्या फाइल्स हव्या असतील तर 'फोटोरेक'. दोन्ही मोफत आहेत. फोटोरेक बहुतेक वेळा मूळ नावं देत नाही, निवडत बसायची तयारी ठेवा.

एसएसडीवर 'ट्रिम' (डिलीट झालेली जागा साफ करण्याची सोय) चालू असेल तर डिलीट झालेलं परत मिळण्याची आशा फार कमी. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, असेल तर रिकव्हरी की आधी शोधा, बहुधा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल.